सूर मारण्याचा विमा

मी गोंदियात विम्याचा एजंट होतो, राहायला जवळच्या मुर्रीत. दोन हजार सातच्या सुमारास, दिवाळीच्या सुट्टीत, कामठ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेच्या खेळाच्या मॅडमनी मला बोलावलं. गावच्या तलावावर त्या चौदा मुलामुलींना सूर मारायला शिकवणार होत्या आणि त्यातल्या तिघाचौघांना नागपूरच्या स्पर्धेला नेणार होत्या. पण आईबाप मुलं पाठवायला तयार नव्हते.

"विमा असला तर ऐकतील," मॅडम म्हणाल्या. "पाण्यातलं सगळं येतं ना त्यात?"

"सगळं येतं," मी म्हणालो. असा विमा मी आजवर काढलाच नव्हता, आणि ते कबूल करायची लाज वाटली.

पॉलिसीचे कागद हातात पडले तेव्हा शिबिराचा तिसरा दिवस उजाडला होता. सकाळी चहा पिता पिता मी पानं उलटली. चौथ्या पानावर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, की देखरेखीखाली पोहणं चालेल, पण उंचावरून उडी किंवा सूर मारताना झालेली इजा धरली जाणार नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. मग शाखेतल्या साहेबांना फोन लावला.

"डाइविंग? अरे भाई, वो तो अलग से लिखवाना पड़ता है," ते म्हणाले. "तुमने तो फॉर्म में सिर्फ स्विमिंग लिखा है."

चहा तसाच टाकून मी स्कूटर काढली.

तलाव काठोकाठ भरलेला होता. पाणी सोडायच्या दारावर सिमेंटचा चौथरा होता, त्याला मॅडमनी सागाची फळी बांधली होती आणि मुलं रांगेत उभी होती. तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, पाच-सहा आईबाप बसले होते. मला पाहताच मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, "हे बघा, विम्याचे साहेब आले. आता बिनघोर राहा!"

कुणीतरी बसायला पोतं टाकलं. मी बसलो. हा पोरगा वर आला की सांगतो, असं ठरवायचो, तोवर पुढचा फळीवर चढलेला असायचा. एकेक डोकं पाण्याबाहेर दिसेपर्यंत मी पाण्याकडे बघत राहायचो. असा अर्धा तास गेला.

मग त्यांच्यातली सगळ्यात तयारीची मुलगी चढली. तेरा वर्षांची असेल. ओल्या फळीवर तिचा पाय सटकला, हनुवटी फळीच्या कडेवर आपटली आणि ती पाण्यात गेली. मॅडमनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. मुलगी वर आली ती रक्तानं माखलेली, पण शुद्धीवर. तिला मधे बसवून मी आणि मॅडमनी स्कूटरनं दवाखाना गाठला. मागून सायकलनं तिचे वडील आले. हनुवटीला चार टाके पडले.

व्हरांड्यात वडील मला म्हणाले, "आता तुमचा कागद भराचा ना जी?"

"भाऊ, यात हे येत नाही."

"काऊन? तुमी त सगळं येते म्हनलं होतं."

"न वाचता बोललो."

"अन् हे तुमाले कवा समजलं?"

"आज सकाळी."

"मंग तिथं बसून काय पाहून राहिले होते?"

मॅडम दारातच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ते पान मागून घेतलं, वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "घरोघर जाऊन सांगावं लागेल. तुम्ही सांगायचं."

मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत आठ जणांची नावं कमी झाली. एका घरी तर माझं बोलणं संपायच्या आत दार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून फळीवर कुणी चढलं नाही, उरलेली मुलं नुसती पोहत राहिली. सूर मारणं धरून मी नवा अर्ज करायला घेतला, त्यात पाण्याची खोली लिहायची होती, म्हणून गावातल्या एका मासे धरणाऱ्या ढिवराच्या डोंग्यात बसून मी बांबूनं तळ मोजला. फळीवर जुन्या टायरचं रबर ठोकून घेतलं. मग रोज शाखेत फोन. रोज उत्तर एकच, "देखते हैं." मी पाळीवर आलो की मॅडम मुलांचं पोहणं थांबवून माझ्या तोंडाकडे बघायच्या.

शिबिराचे चार दिवस उरले असताना मंजुरी आली. या खेपेला मी सगळा कागद पाळीवर उभं राहून मराठीत सांगितला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. तोवर मुलीचे टाके निघाले होते. वडिलांनी तिला येऊ दिलं, पण ती फळीवर चढली की ते स्वतः काठाशी छातीभर पाण्यात उभे राहायचे.

नागपूरला तिघी गेल्या. नंबर कुणाचाच आला नाही. परतताना ऐन दुपारी आमची जीप भंडाऱ्याच्या अलीकडे आली. टाके पडलेल्या मुलीचे वडील माझ्याशेजारी बसले होते, ती त्यांच्या पलीकडे.

"वापस जातानीचा विमा हाय का यात?" त्यांनी एकदम विचारलं.

मी कागद काढले आणि हलत्या जीपमध्ये ती ओळ शोधली. "आहे. घरी पोचेपर्यंत."

त्यांनी मान हलवली, मुलीचं डोकं खांद्यावर घेतलं आणि डोळे मिटले. मी मात्र गोंदिया येईपर्यंत ड्रायव्हरच्या हातांकडे बघत बसलो.