आण्णांनी निवडलेलं सॉफ्टवेअर

आमच्या आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, नाव धम्मपाल. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर घरात जन्मलेलं ते पहिलं मूल, म्हणून आज्ज्यानं हौसेनं ठेवलेलं. आमच्या गडमुडशिंगी गावाहून सायकलनं रोज शहरातल्या उद्यमनगरात कारखान्यात जायचे आणि लोखंड कातायच्या लेथवर उभे राहायचे. मापात केसाएवढा फरक पडला तरी त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

२००८ साली मला पुण्यात सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. आण्णांचा फोन आला की मी हळूच म्हणायची, "कामात आहे, नंतर करते." ऑफिसात चॅटची खिडकी मात्र दिवसभर उघडी असायची. हे कळल्यावर ते गावातल्या साक्षीच्या मोबाईल दुकानात गेले आणि एक जुना, पण नेट चालणारा हँडसेट घेतला.

चॅटिंगसाठी तेव्हा तीन-चार सॉफ्टवेअर मिळायची. साक्षी म्हणाली, "काका, सगळीच टाकून देते. आवडंल ते वापरा."

"नगं. एकेक आठवडा एकेक घाल. कशात काय कमी हाय ते कळाय पायजे."

पहिल्यात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. दुसरं दिसायला देखणं, पण सारखं अडकायचं. तिसरं अगदी साधं होतं. त्यात मराठी नीट दिसायचं, आणि समोरचा माणूस ऑनलाइन असला की नावापुढं हिरवा ठिपका यायचा. आण्णांनी ते ठेवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत, काळ्या पडलेल्या बोटांनी ते एकेक अक्षर शोधून लिहायचे, "जेवलीस का?" मी लिहायची, "हो. तुम्ही?" बहुतेक दिवशी एवढंच.

पुढच्या वर्षी मंदी आली. एका शुक्रवारी आमच्यातल्या अकरा जणांना कामावरून कमी केलं. त्यात मीही होते. घरी सांगायचं धाडस होईना. फोनवर "मस्त चाललंय" म्हणायची, आणि संध्याकाळी नेट कॅफेत अर्धा तास चॅट उघडं ठेवून अर्ज पाठवायची.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी अकराच्या सुमारास, खोलीचं दार वाजलं. बाहेर आण्णा, हातात पिशवी.

"तुम्ही? आज?"

"सोमवार न्हवं? कारखान्याला सुट्टी हाय की." चपला काढून ते आत आले, पाणी प्याले. मग म्हणाले, "नोकरी गेली व्हय?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. तुजं नाव दिवसभर हिरवं असायचं. आता सांजंला अर्धा तास दिसतंय. कामावरचं माणूस असं दिसंल व्हय?"

मला रडू फुटलं. मी शांत झाल्यावर ते म्हणाले, "त्र्याऐंशीला आमचा कारखाना सात म्हैनं बंद हुता. मी रोज डबा घिऊन निघायचो आन् रंकाळ्यावर जाऊन बसायचो. आईला वाटायचं, पोरगं कामाला जातंय."

आई म्हणजे माझी आज्जी, शेवंताबाई. "मग तिला कधी कळलं?"

"पयल्याच दिशी कळलंतं. कापडाला तेलाचा वास न्हवता. पर म्हैनाभर त्याबद्दल बोलली न्हाय." मग पिशवी उघडत म्हणाले, "मला काय तेवढा दम निघंना."

रडता रडता मला हसू आलं. पिशवीतल्या भाकऱ्या आणि खर्डा आम्ही तिथंच खाल्ला आणि दुपारची एसटी धरली. घरी गेल्यावर माझ्या आईला मीच सांगितलं. तीन महिन्यांनी पुण्यातच दुसरी नोकरी लागली. ते सॉफ्टवेअर पुढं बंद झालं, आण्णा निवृत्त झाले.

मला मात्र ती एसटी आठवते. कात्रजपासून कराडपर्यंत आण्णा बंद कारखान्याच्या दिवसांबद्दल सांगत होते. तळ्याकाठी भेटणारे बेकार सोबती, डबा वाटून खाणं, कुणाला आधी काम लागतंय याच्या पैजा. यातलं काहीच मी तोवर ऐकलं नव्हतं.