व्हरांड्यातली मालिका

ऐंशीनंतरची वर्षं. लग्न होऊन मी साकोलीहून वरठीला आले. नवरा कारखान्यात होता आणि क्वार्टरांच्या आमच्या ओळीत टीव्ही फक्त आमच्याकडे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी हिंदी मालिका लागायची, तेव्हा शेजारच्या बायका बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसायच्या.

एका उन्हाळ्यात टीव्ही बिघडला. दुरुस्तीला नागपूरला नेला, तो लवकर परत येईना. तरी मालिकेच्या वारी बायका सवयीने यायच्याच. व्हरांड्यात चटई टाकून पुढे काय झालं असेल याचे अंदाज करायच्या. तेही संपले, तेव्हा मी सहज म्हटलं, "आपणच एक मालिका रचू. जिला जे माणूस हवं, ते तिने घालावं."

पलीकडच्या दारच्या मावशींनी लगेच घर उभं केलं. त्या बपेरा गावच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. त्यांच्या मालिकेत बांध्यांचा, म्हणजे धानाच्या शेतांचा, मालक होता, त्याचे तीन मुलगे होते आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी सासू होती. सासूचे संवाद मावशी स्वतःच म्हणायच्या आणि झकास म्हणायच्या.

भंडाऱ्याच्या एका कार्यालयात टायपिस्ट असलेली माझी मैत्रीणही यायची. ती बौद्ध घरातली. तिने आपल्या वस्तीतली एक नोकरदार मुलगी घातली. मावशी म्हणाल्या, "मंग तिच्यावर अन्याय झाला पायजे. ती रडत घरी येते, असं दाखवा."

"होईल ना एखाद्या दिवशी," मैत्रीण म्हणाली, "पण रोज कायले? मी का रोज रडत येतो का? माही पोरगी फटकळ आहे. मालकाच्या धाकट्यालेही बोलून दाखवते."

मावशींना आधी ते रुचलं नाही. पण त्या मुलीचं सासूशी भांडण लागलं, तशी त्यांना रंगत आली. दोघी तावातावाने संवाद म्हणायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो. मग शेजारच्या छत्तीसगढी बाईने एक भाजीवाली आणली. मी बदली होऊन आलेला घाबरट मास्तर आणला. घर भरत चाललं.

मावशींची सून कोपऱ्यात बसायची. तिचा नवरा, म्हणजे मावशींचा थोरला मुलगा, कारखान्यातून येताना मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. त्याच्या जागेवर धाकटा लागला, म्हणून क्वार्टर टिकलं. सून मॅट्रिक झालेली, अजून तिशीही न गाठलेली. मावशी तिला वाईट वागवत नव्हत्या. बाजारात जाताना बरोबर न्यायच्या, ताटात आधी तिला वाढायच्या. पण तिचं पुढे काय, हे त्या घरात कोणी बोलत नव्हतं.

एके दिवशी मी तिला विचारलं, "तुला कोण घालायचं आहे?"

"त्या घरात एक विधवा सून असू द्या," ती म्हणाली.

मावशींनी तिलाही घेतलं. नंतरच्या प्रत्येक भागात ती सून सकाळी उठायची, नवऱ्याच्या फोटोला हार घालायची आणि चुलीशी बसायची. बाकीच्यांची लग्नं ठरत होती, भांडणं होत होती. तिला मात्र दुसरा प्रसंगच नव्हता. एका संध्याकाळी मावशी तेच सांगू लागल्या, तेव्हा सून शांतपणे म्हणाली, "आई, तिले मारून टाका."

"काहून?"

"तिचं काही कामच नाही त्या घरात. उगाच बसून राहते."

मावशी उठल्या, चपला घातल्या आणि घरी गेल्या. पुढच्या वारी दोघीही आल्या नाहीत. आपण हा खेळ सुरू करायला नको होता, असं मला वाटत राहिलं.

त्यानंतरच्या वारी मावशी एकट्याच आल्या. चटईवर न बसता उभ्यानेच मैत्रिणीला म्हणाल्या, "ते नर्सचं शिकवतात, ते भंडाऱ्यात कुठी हाय? तुले माहीत असन."

मैत्रिणीने चौकशी केली आणि सकाळच्या बसने सुनेला स्वतःबरोबर नेलं. बपेऱ्याहून मावशींचे दीर आले, विधवा सुनेला शिकायला पाठवू नका म्हणून बाहेर ऐकू येईल असं बोलले. मावशी त्यांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमी जेवून घ्या. पोरगी जाते." दिरांनी जेवण केलं नाही, तसेच स्टेशनवर गेले. बपेऱ्याच्या त्या घरी मावशींना नंतर बरीच वर्षं कोणी लग्नाकार्याला बोलावलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, ते त्या लपवत नसत.

सून वसतिगृहात राहून शिकली. तिच्या पहिल्या सुट्टीची वाट पाहताना मावशी एकदा माझ्याकडे येऊन बसल्या. टीव्ही तोवर दुरुस्त होऊन आला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणाल्या, "घर लय मोठं वाटून राहिलं, बाई. कोणाले हाक मारू, समजत नाही."

मी चहा ठेवला. पुढे सुनेला तुमसरकडच्या एका खेड्यात नेमणूक मिळाली. धाकट्याचं लग्न झाल्यावर मावशीही तिच्याकडे राहायला गेल्या. सून सायकलवरून घरोघर लसी द्यायला जायची आणि मावशी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची चौकशी करायच्या. मी एकदा भेटायला गेले, तर मला बसायलाही न सांगता त्यांनी गावातल्या दोन घरांची भांडणं रंगवून सांगायला सुरुवात केली. आत सून भाकरी थापत होती आणि मधूनमधून त्यांचं चुकलेलं दुरुस्त करत होती.