बंद खाडीची पाहणी

ज्या ऑफिसात वाट पाहणं हेच मुख्य काम, तिथे किस्से फार साठतात. धूळ तरी झटकता येते!

आमचं ऑफिस सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. किनाऱ्यावरचे कोळी आपली खाडी पिढ्यानपिढ्या स्वतःच राखत आलेत. मासळी अंड्यावर आली की पिल्लं मोठी होईपर्यंत खाडी बंद, कुणी जाळं टाकत नाही. बाहेरच्या बोटी मात्र बिनदिक्कत घुसतात. त्यांना अडवायला गस्तीची बोट हवी, आणि तिच्यासाठी सरकारी निधी आहे. सरकार आणि कोळीवाडा यांच्या मध्ये आमची संस्था. बोट वेळेत आली नाही तर खाडी ओरबाडली जाणार, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला.

किनारा राखणाऱ्या आमच्या संस्थेची पाटी लावली त्या दिवशी तळमजल्यावरचे जोशीकाका ती वाचत उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, "समुद्र कुठल्या मजल्यावर?"

* * *

आमचे प्रमुख साने सर फोनवर बोलताना येरझाऱ्या घालतात. 'फाइल पुढे गेलीय' असं ऐकलं की वेग वाढतो. एकदा खालच्या दवाखान्यातले डॉक्टर वर आले.

"अहो, जरा बसून बोला. पेशंट विचारतायत, वर कोणाचं बाळंतपण आहे का!"

* * *

खाडी राखण्याच्या कामाआधीचे आणि कामानंतरचे फोटो निधी खात्याला पाठवायचे होते. मी पाठवले. लगेच तिथून फोन आला, मॅडम, दोन्हींत खाडी सारखीच दिसते. मी म्हटलं, तशीच राहावी म्हणूनच तर काम केलं.

"निदान एक बोर्ड तरी लावा," पलीकडून सूचना आली.

* * *

हिरामावशी कोळीवाड्याच्या समितीच्या अध्यक्ष. एसटीने पुण्याला आल्या, चहा घेतला, फाइलची चौकशी केली. सरांनी ती कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेली ते सविस्तर सांगितलं. मावशींनी कप खाली ठेवला.

"मासळीची अंडी फुटली, सर. तुमी अजून उबवताय."

मला हसू आलं आणि लाजही वाटली.

* * *

अखेर, खाडी अजून बंद असतानाच, निधी खात्याचे साहेब पाहणीला निघाले. त्यांच्या शेऱ्यावर सगळं अवलंबून! साहेब मासळीचे शौकीन, हे सरांनी मावशींना आधीच फोन करून कळवलं होतं. ताम्हिणी घाट उतरेपर्यंत सर गाडीतही चुळबुळत होते.

दुपारी मावशींच्या घरी पानं वाढली. भात, वांग्याची भाजी, सुकटाची चटणी. बस्स.

साहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या खाडीकडे. "ताजी मासळी नाही?"

"हाय ना," मावशी म्हणाल्या. "खाडीत हाय."

सर भरल्या ताटावरून उठले आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागले. साहेबांनी चटणीशी भात संपवला. परतताना घाट चढून वर आल्यावर साहेबांनी पुढच्या सीटवरच्या क्लार्कला हाक मारली.

"लिहून घ्या. ताजी मासळी मागूनही मिळाली नाही. काम समाधानकारक."