धुराडेवाला ओटमार आणि न फिरणारा कोंबडा

ओटमार डॉयबेल जर्मनीतल्या आमच्या फोगल्सबेर्गच्या डोंगरातल्या सात गावांची धुराडी साफ करायचा. काळे कपडे, खांद्यावर दोराचं वेटोळं, दोराला लोखंडी गोळा नि ब्रश, आणि कोटाच्या आतल्या खिशात फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा. धुराडं झालं की उतरण्याआधी तो छपरावरूनच फोटो काढायचा. एका छपरावरून एकच.

त्यातल्याच ओबरलाउटेन गावातलं वाणसामानाचं दुकान माझं. गावातले फिल्मचे रोल माझ्याकडे जमा होत आणि आठवड्याने शहरातून धुऊन येत. त्यामुळे ओटमारचे फोटो त्याच्याआधी मीच बघायची. पाकीट उघडलेलं त्याला कळायचं, पण तो कधी बोलला नाही. बाकीच्यांच्या रोलात नाताळ नाहीतर कुणाचं लग्न. ह्याच्या रोलात शनिवारी रस्ता झाडणाऱ्या बायका, गावभट्टीपुढे पावाच्या टोपल्या घेऊन उभी रांग, चर्चचा मनोरा, आणि शेणाचा ढीग.

"अरे ओटमार, शेणाच्या ढिगाचा फोटो कोण काढतं?" मी एकदा विचारलंच.

"मार्गा, हा ढीग गेल्या वर्षी गोठ्याच्या डावीकडे होता. उजवीकडे का गेला असेल?"

पुढच्या फेरीला त्याने ते शोधूनही आणलं. ढीग गुंडोल्फ शेतकऱ्याचा. त्याच्या नव्या सुनेच्या स्वयंपाकघराची खिडकी डाव्या बाजूला होती. सून आली, ढीग हलला. ओटमारला लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला होता.

चौऱ्याण्णव साली गावाला साडेसातशे वर्षं झाली, तेव्हा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. चारशे फोटो त्याने सालवार मांडले. लोटलेलं गाव बघावं तर जो तो आपलंच घर शोधतोय. "हे माझ्या बायकोचे परकर आहेत काय रे?" गुंडोल्फ ओरडला. "लाज वाटते का? वर चढून काय काय बघतोस!"

"परकरांवरून वारा कळतो," ओटमार शांतपणे म्हणाला.

आणि ते म्हणता म्हणताच तो थबकला. फोटोच्या अगदी जवळ गेला. मग पुढच्या फोटोकडे, मग आणखी पुढच्या. हातातला बिअरचा ग्लास त्याने कुणाच्या तरी हाती दिला.

चर्चच्या शेंड्यावर आमचा पत्र्याचा कोंबडा आहे, वारा दाखवणारा. तो वाऱ्याकडे चोच करून उभा राहतो. म्हणजे घरांचा धूर जायला हवा त्याच्या शेपटीच्या दिशेने. जुन्या फोटोंत तसंच होतं. पण शहाऐंशीच्या एप्रिलपासून पुढे, धूर कुठेही जावो, कोंबड्याची चोच पश्चिमेलाच.

"गंजला असेल," पाद्रीबुवा म्हणाले.

"पाद्रीबुवा, मार्चमध्ये फिरतोय. एका महिन्यात एवढा गंज?"

"म्हणजे आठ वर्षं मी ह्या कोंबड्याकडे बघून गवत कापायचं पुढे ढकललं?" गुंडोल्फचा चेहरा लालभडक झाला. पश्चिमेचा वारा म्हणजे आमच्याकडे पाऊस. हॉलभर हशा पिकला, आणि लोक पुन्हा आपापली घरं शोधायला लागले. ओटमारला मात्र चैन पडेना. मनोऱ्यावर चढायची परवानगी त्याने पाद्रीबुवांकडून त्याच आठवड्यात काढली.

मनोऱ्याचं छप्पर पाटीच्या दगडाचं, सुळकेदार. कारागिरांसाठी ठोकलेल्या आकड्यांना शिडी अडकवत चढावं लागतं. ओटमार चढला, उतरला आणि थेट माझ्या दुकानात आला. पुरावा म्हणून काही आणलं नव्हतं. वर जे होतं ते तसंच ठेवून आला होता.

"बांधलाय," तो म्हणाला. "तांब्याच्या तारेने, तीन वेढे. टोकं आत वळवलेली. आणि तारेखाली जाड लोकरी कापडाची पट्टी, पत्र्याला चरा पडू नये म्हणून. मार्गा, ही खोडी नव्हे. ज्याने बांधलं, त्याची ह्या कोंबड्यावर माया आहे."

आम्ही दोघांनी त्या वसंतातले फोटो पुन्हा बाहेर काढून बघितले. चर्चच्या शेजारचं घर आल्विन र्‍यूत्सेलचं. मार्चमधल्या फोटोत भरदुपारी वरच्या मजल्याचे पडदे ओढलेले, दोरीवर नुसत्या चादरी. मला आठवलं. त्या वसंतात त्याची बायको लीना अंथरुणाला खिळलेली होती. आणि मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी देण्याचं काम तेव्हा आल्विनकडेच होतं.

"विचारू नकोस त्याला," मी म्हटलं.

"न विचारता मला झोप यायची नाही."

दुसऱ्या दिवशी तो गेला. ब्रश न घेता गेला, हे बघूनच आल्विनने ओळखलं असावं. त्याने कॉफी ओतली आणि स्वतःहूनच सुरुवात केली. हे सगळं मला ओटमारने नंतर सांगितलं.

"वाऱ्याची झुळूक आली की करकरायचा तो," आल्विन म्हणाला. "आपल्याला सवय असते, ऐकूही येत नाही. पण लीना म्हणायची, वर कुणीतरी रडतंय, त्याला गप्प करा. औषधाने लागलेली झोप मोडायची तिची. मग एका सकाळी दाट धुकं होतं. खालून कुणाला काही दिसलं नसतं. तेव्हा चढलो."

"वंगण नाही घातलं?"

"डबा नेला होता. सगळं वंगण ओतलं, तरी करकरतच होता. म्हणून मग बांधला. बासष्टावं होतं मला. उतरलो तो पायरीवरच बसलो. त्या दिवशी दुपारभर झोपली ती. मेमध्ये गेली."

"आणि नंतर सोडवलात का नाही?"

"चढलो होतो तिच्यासाठी. उतरल्यावर पुन्हा चढायचं धाडस कुठून आणू?" मग म्हणाला, "गुंडोल्फच्या गवताचं वाईट वाटायचं. पण फार नाही."

ओटमारने गावात बाकी कोणालाच काही सांगितलं नाही. लोखंडी खिट्टी गंजली होती, एवढंच पाद्रीबुवांना कळलं. पुढच्या मंगळवारी तो कोंबडा फिरतो त्या दांड्यासाठी नवी पितळी बैठक घेऊन चढला. आल्विन टोपी हातात घेऊन चर्चच्या कबरस्तानाच्या वाटेवर उभा राहिला, आणि दुकान बंद करून मीही गेले. तार सुटली तेव्हा क्षणभर काहीच झालं नाही. मग कोंबडा सावकाश ईशान्येकडे वळला. बिलकूल आवाज न करता.

आल्विन कान देऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे पितळ तेव्हा मला का सुचलं नाही?"

ओटमार उतरला. त्याने खिशातून एक पाकीट काढून आल्विनपुढे धरलं. आदल्या आठवडाभर आपले सगळे जुने फोटो तो पुन्हा धुंडाळत होता, हे मला माहीत होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. एकोणऐंशीचा फोटो होता. अंगणात लीना, कमरेवर टोपली, मान वर करून, तोंड उघडं, एक हात छपराकडे उगारलेला.

आल्विनने चष्मा पुसला. "कोणाशी बोलतेय ही?"

"माझ्याशी."

"काय म्हणत होती?"

ओटमार हसला. "म्हणाल्या, 'काळ्या, माझ्या चादरींवर काजळी पाडलीस तर शिडी काढून घेईन, बस मग रात्रभर वर!'"

"काढलीही असती," आल्विन म्हणाला, आणि फोटो कोटाच्या आत ठेवून घराकडे चालू लागला.