कारणाचा रकाना

ऑफिसातले किस्से कॅन्टीनमध्ये जमतात असा सगळ्यांचा समज आहे. आमचे एका फाइलमध्ये साठत गेलेत, आणि तेही तारखेनिशी!

हिंजवडीतल्या आमच्या टीमचं काम ऐकायला भलतंच रुक्ष आहे. क्लायंटचे सर्व्हर सुरक्षित कसे ठेवायचे, म्हणजे पासवर्ड केवढा हवा, कोणती सर्व्हिस बंद हवी, हे साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये लिहून ठेवायचं. एक ओळ बदलली तरी कुणी बदलली, कधी आणि का, याची नोंद राहते. या 'का'च्या रकान्यात माणसं काय काय लिहितात ते वाचायची मला खोडच लागली आहे.

गेल्या वर्षी क्लायंटने ऑडिट लावलं. प्रत्येक ओळीचं कारण दाखवा, नाहीतर काम दुसऱ्या कंपनीला! काम गेलं असतं तर सगळ्यात आधी शेळके गेला असता, कारण टीममध्ये तो एकटाच कॉन्ट्रॅक्टवर. शेळके इथून जवळच्याच जांबे गावचा. लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलीकडच्यांची एकच अट होती, मुलगा पर्मनंट हवा. त्यामुळे ऑडिट म्हटलं की आम्ही सगळे त्याच्याकडे बघायचो.

*

आमच्या लीड अभ्यंकर मॅडम. त्यांनी जुनी कारणं वाचायला घेतली. पानोपानी 'सरांनी सांगितलं'. कोणत्या सरांनी, देव जाणे! एका ठिकाणी तर नुसतंच 'शुक्रवार'. नोंद शेळकेची.

"शेळके, शुक्रवार हे काय कारण झालं?"

"व्हय मॅडम. शुक्रवारी संध्याकाळी केलंय. घरला जायची घाई व्हती, लई इचार केला न्हाई. खरं कारण त्येच हाय."

मॅडमनी ती ओळ तपासली. चुकलेलीच निघाली!

*

एका डेमोसाठी आमच्या मॅनेजरना सर्व्हरवरची एक सेटिंग सैल हवी होती. फाइलमधून बदलायची तर कारण लिहा, दुसऱ्याची मंजुरी घ्या. एवढा धीर कुणाला? त्यांनी थेट सर्व्हरवर जाऊन हातानेच बदलली. अर्ध्या तासात ती पुन्हा पहिल्यासारखी! त्यांनी परत बदलली, ती परत जाग्यावर. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी धावत आले, "हॅक झालंय! माझ्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे!"

"हॅक न्हाई सर," शेळके म्हणाला. "आपलं टूल दर अर्ध्या तासानं फाइल वाचतंय. सर्व्हरवर येगळं दिसलं की फाइलीत हाय तसं करतंय."

"मग दोन दिवस गप्प का बसलात?"

"आमाला वाटलं, तुमी टेस्टिंग करताय."

*

जांब्यात शेळकेच्या वडिलांच्या भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. भिंतीवर नियम रंगवलेत आणि प्रत्येक नियमाखाली भाडेकरूचं नाव. 'गच्चीवर मासे वाळवू नयेत', खाली 'खोली नंबर चारचे सुब्बू'. एकदा शेळकेबरोबर तिथे गेले तेव्हा मी विचारलं, "काका, माणसं सोडून गेली, आता नावं कशाला?"

"अवो ताई, नियम कशापायी केला ते लिव्हलं न्हाई, तर उद्या ह्योच पोरगा म्हनंल, म्हातारा येडा व्हता!"

मी ते मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाइलमध्ये धड कारणाशिवाय एकही बदल मंजूर होईना.

*

मोबाइलवरून मंजुरी देताना अंगठ्याचा ठसा सक्तीचा, हा नियम शेळकेनेच आणला. नंतर तो भात लावायला सुट्टीवर गेला आणि नेमकी एक तातडीची मंजुरी अडली. मी फोन केला.

"अगं, चिखलात उभा हाय. चारदा धुतला अंगठा, फोन वळखंनाच! ह्यो नियम कुनी केलाय?"

"तूच."



*

ऑडिटला चार दिवस उरले. सगळ्या ओळींना कारणं मिळाली होती, एक सोडून. 'पासवर्ड तीनदा चुकल्यास खातं एकोणीस मिनिटं बंद.' पुढे टीप, 'बदलू नये.' पंधरा ठीक, वीस ठीक. एकोणीस कशाला? मला तर जेवण गोड लागेना. टीप होती पाटणकरांची. ते नोकरी सोडून मुळशी धरणाजवळ तंबूंचं रिसॉर्ट चालवतात. रविवारी मी आणि शेळके थेट तिथे धडकलो.

पाटणकरांनी ओळ वाचली आणि हसत सुटले. "मी आलो तेव्हाही एकोणीसच होतं! जुन्या फाइलमधून जसंच्या तसं उतरवलं. म्हटलं, कुणीतरी विचार करूनच ठेवलं असेल. 'बदलू नये' तेवढं माझं."

सोमवारी हे ऐकून मॅडम हादरल्या. "काहीतरी पटेल असं लिहून टाका, शेळके. तुमचीच नोकरी आहे."

"न्हाई मॅडम. खोटं लिव्हलं तर ते पन कायमचं ऱ्हातंय." त्याने लिहिलं, 'कारण माहीत नाही. मुळशीला जाऊन पाटणकरांना विचारलं. त्यांनाही माहीत नाही.' मला फार वाईट वाटलं आणि त्याचा अभिमानही वाटला.

ऑडिटर आले. पोक्त गृहस्थ, चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती. एकेक ओळ वाचत एकोणीसपाशी आले. थांबले. शेळकेची नोंद त्यांनी दोनदा वाचली. मॅडमनी डोळे मिटून घेतले. ऑडिटरांनी शेवटच्या पानापर्यंत सगळं पाहिलं, 'पास'वर सही केली, पेनाचं टोपण लावलं. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाले,

"आमच्या स्वतःच्या ऑफिसच्या फाइलमध्येही एकोणीसच आहे हो, पुढे 'बदलू नये'सकट. त्या पाटणकरांचा नंबर मिळेल का?"