मधली घरं

कळव्याच्या खाडीकाठी दामाजीने विणलेलं जाळं म्हटलं की कोळी पुढचं काही विचारत नसत. नायलॉनची तयार जाळी बाजारात आली, तरी फाटलं-तुटलं की म्हाताऱ्याची आठवण व्हायचीच. त्याचा त्याला थोडा ताठाही होता. रागावला तर तो शिव्या देत नसे, नुसता तोंड फिरवून बसे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं घरचे म्हणत.

ब्याण्णव साली दिवाळीनंतर त्याने राघो कोळ्याचं जाळं विणायला घेतलं आणि जाळ्याची मधली घरं वाकडी दिसायला लागली. उसवली, पुन्हा विणली, पुन्हा वाकडी. दामाजीचा हात चुकतो, हे दामाजीला कसं पटावं? आधी त्याने दोऱ्याला नावं ठेवली, मग सुनेला. विणायच्या सुईत दोरा भरून द्यायचं काम मंजुळाचं. "तुझ्या भरण्यानं पीळ पडतो," म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. महिनाभर हेच. "नाचता येईना अंगण वाकडं," असं बायकोने, आवडाबाईने, तोंडावर सुनावलं तरी तो हलला नाही.

खरी भीती त्याने कुणाला सांगितलीच नव्हती. त्याचा बाप भिवाजी शेवटची सहा वर्षं ठार आंधळा होऊन ओटीवर बसून होता. ताट कुणी पुढे सरकवायचं, परसाकडेही कुणी हात धरून न्यायचं. आता दामाजीला बायकोकडे पाहिलं की कुंकू दिसेना, कानातलं मात्र दिसे. आपली पाळी आली, असं त्याने मनाशी धरलं होतं.

एका सकाळी तो अर्धंअधिक झालेलं जाळं उसवायला निघाला, तेव्हा मंजुळाने सरळ त्याचा हात धरला. सासऱ्याचा हात धरणं म्हणजे आगाऊपणाच, पण तिचीही हद्द झाली होती. तिने त्याची बोटं एकेका घरावरून फिरवली.

"मामा, बघू नका. नुसतं हाताला विचारा. जाळं सरळ हाय."

बोटांना एकही घर वाकडं लागलं नाही. म्हाताऱ्याने जाळं न उसवता खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला रिक्षाने पूल ओलांडून ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी एक डोळा झाकायला लावला आणि चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला.

"कसं दिसतंय, आजोबा?"

"कुणी विणलंय हे?" दामाजी म्हणाला. "मधली घरं पार बिघडवलीत."

बाई हसल्या. मंजुळाला हसू आलं नाही. तिला सगळ्या रेघा सरळ दिसत होत्या.

मग बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं, बत्ती लावून आत बघितलं.

"डोळ्याच्या आत मागे पडदा असतो. त्याचा मधला भाग वयाने झिजलाय. तुमच्या या झिजेवर आज माझ्याकडे औषध नाही. मधलं आणखी पुसट होईल, चेहरे ओळखणं जड जाईल. विडी सोडा. हा कागद रोज एकेक डोळा झाकून बघा. वाकडेपणा वाढला तर लगेच या."

"आणि मग काळोख? माझ्या बापासारखा?"

बाईंनी बापाची चौकशी केली. बुबुळं पांढरी झाली होती म्हणताच त्यांनी मान हलवली.

"तो मोतीबिंदू असणार. हे वेगळं. हे मधलं नेतं, कडेचं ठेवतं. याने ठार काळोख होत नाही. घरात एकटे फिराल, ताट तुमचं तुम्ही ओढाल."

थेंबांनी डोळे पाझरत होतेच, त्यात दामाजीचं स्वतःचं पाणी मिसळलं. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि हातही चुकला नव्हता! बाहेर येऊन त्याने चहा मागवला, भजीही मागवली आणि विडीचा कट्टा जड मनाने मंजुळाच्या हवाली केला.

संध्याकाळी राघोचं जाळं पुन्हा मांडीवर आलं. मंजुळाने दोरा भरून सुई पुढे केली. दामाजीने ती घेतली आणि तोंड फिरवलं.

तिचा चेहरा उतरला. "अजून राग हाय, मामा?"

"नाय गो. सरळ बघितलं की तुझं तोंडच नाहीसं होतं. असं फिरवलं की दिसतेस." सुई हातात तशीच धरून तो म्हणाला, "थांब जरा तिथंच. महिनाभर बघितलं नाय तुला."