बूच मारलेली कुंडी

आमच्या मामासासऱ्यांनी आजवर एकाही वस्तूला सुखाने मरू दिलेलं नाही. पेणकरपाड्यातल्या त्यांच्या घरात पंख्याला मिक्सरचं बटण होतं, मिक्सरला इस्त्रीची वायर होती, आणि इस्त्री का तापत नाही याचं संशोधन कित्येक वर्षं चालू होतं. प्लंबर हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एकदा मामींनी गुपचूप एकाला बोलावलं, तर मामांनी त्याला चहा पाजला, वॉशर कसा बसवावा यावर त्याची शिकवणी घेतली आणि नळाला हातही न लावू देता परत पाठवला. "जावईबापू, वस्तू बिघडत नसते, आपण तिचा नाद सोडतो," असं ते मला बजावायचे, तेव्हा त्यांच्यासमोर बहुधा कालपर्यंत धडधाकट असलेली आमच्याच घरची एखादी वस्तू पोट उघडून पडलेली असायची.

मामी कोकणातल्या, लहानपणापासून अबोलीचा वळेसर माळणाऱ्या. मुंबईतली चाळीतली खोली सोडून इकडे येताना त्यांनी एकच अट घातली होती, गॅलरीत अबोली हवी. मामांनी शब्द दिला, कुंड्याही आणल्या. पण त्याच पावसाळ्यात छत गळायला लागलं. "आधी गळती, मग बाग!" असं जाहीर करून त्यांनी कुंड्यांच्या तळाची भोकं सिमेंटने बुजवली आणि त्या गळतीखाली मांडल्या. गळती आटोक्यात आली तर खिडकी लागेना, खिडकी लागली तर दाराची बिजागरी निखळली. मामी दरवर्षी अबोलीचा विषय काढायच्या आणि मामा दरवर्षी पाना शोधायला उठायचे. "अहो, केस पांढरे झाले माझे," मामी एकदा म्हणाल्या, "आता लावलीत तर निदान उठून तरी दिसेल."

आणि मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळी बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत गेली. मामांनी कागदांवर सह्या केल्या, पण किल्ली देईनात. बिल्डरचा माणूस खेटे घालून दमला.

"अंकल, चाबी कब देंगे?"

"फूल आने दो."

"कौनसा फूल?"

"अबोली. इसी घर में देने का बोला था, इसी घर में दूंगा!"

त्याने कपाळावर हात मारला. मग मला पुढे करण्यात आलं. "मामा, नव्या घरी लावू की अबोली," मी म्हणालो. मामा कडाडले, "नव्या घराला मी शब्द दिलेला नाही!"

जवळच्या चेणे गावातल्या नर्सरीतून रोप आलं. मामांनी मोठ्या थाटात लावलं, ते कुजलं. दुसरं आणलं, तेही कुजलं. मामा नर्सरीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना मामींनी शांतपणे कुंडी कलंडवली, तर आतून नुसतं पाणी. तळाच्या त्या सिमेंटमधून इतक्या वर्षांत एक थेंबसुद्धा झिरपत नव्हता. मामांची खऱ्या अर्थाने टिकलेली ती एकुलती एक दुरुस्ती. "काढा ते बूच," मामी म्हणाल्या. मामा बराच वेळ कुंडी मांडीवर घेऊन बसले, तळावरून हात फिरवत. मग त्यांनी छिन्नी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा आपली दुरुस्ती आपल्या हाताने मोडली.

तिसरं रोप जगलं. गणपती गेले, नवरात्र आलं, आणि रिकाम्या इमारतीतल्या त्या एकाच गॅलरीत अबोली फुलली. मूठभरसुद्धा फुलं नव्हती. मामींनी त्यांचाच बोटभर वळेसर केला आणि माळला. मामा चष्मा पुसत राहिले.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढलं, मामी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या, तरी मामांचा पत्ता नाही. मी वर गेलो. मोकळ्या स्वयंपाकघरात ते नळाचा वॉशर बदलत होते.

"मामा, अहो, उद्या हे सगळं पाडणार आहेत!"

"पाडू देत," मान वर न करता ते म्हणाले. "गळका नळ मागे ठेवून मी जाणार नाही."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी नाही जमलं. त्यांनी नळ एकदा सोडला, बंद केला आणि खाली वाकून पाहत राहिले. थेंब पडला नाही. मग त्यांनी खिशातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.